जर्मनीची बाटली

मी बोलायला लागलो की क्रांती चौकातला सिग्नलसुद्धा हिरवा व्हायचं विसरतो, असं आमची ही म्हणते. म्हणून सुनेनं, "मामा, बाळाला स्टीलची बाटली आणा. प्लास्टिकची घेतलीच तर तळाला काय लिहिलंय ते बघून घ्या," असं सांगितलं, तेव्हा मी उलट तिलाच अर्धा तास बाटल्यांचं ज्ञान दिलं. नातू सात महिन्यांचा. ती पुन्हा कामावर जाणार, दूध काढून ठेवणार आणि ते पाजणार आम्ही दोघं म्हातारे.

चौकात ऊन असं की चप्पल डांबराला चिकटून तिथंच राहावी. दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला. हातगाडीवर अस्वलाचं चित्र असलेली बाटली दिसली, घेतली. तळ बघितला नाही. चष्मा घरी होता. असता तरी बघितला नसता.

घरी येईतो त्या बाटलीचा जन्म जर्मनीत झाला होता. माझ्या वर्गमित्राच्या डॉक्टर मेहुण्यानं ती खास विमानातून मागवली होती.

"पण मामा, स्टीलची..."

"अगं, ही स्टीलचा बाप आहे," म्हणत मी ती दुसऱ्या मजल्यावरून खाली टाकली. फुटली नाही. खालून शेजारचे चाचा म्हणाले, "क्या बात है मियाँ, और एक बार." मी आणखी दोनदा टाकली.

पिशोरहून विहीणबाईंनी चांदीचं बोंडलं पाठवलं होतं. चोचीच्या त्या वाटीनं दूध पिऊन सून वाढलेली. "हे म्युझियमला देऊन टाका," मी म्हणालो. ते कपाटात गेलं.

गरम दूध ओतलं की बाटलीला उन्हात तापलेल्या ताडपत्रीसारखा वास यायचा.

"अहो, वास येतोय," ही म्हणायची.

"जर्मन वास आहे तो."

वास मला रोज यायचा. तरी मी रोज त्याच बाटलीनं पाजलं. इथं मला गंमत सुचत नाही.

नवव्या महिन्याच्या लसीला गेलो, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं बाटली उलटी केली. "तळाला शिक्का नाय, नंबर नाय. आतून-बाहेरून ओरखडे, त्यात घाण बसते. असलं प्लास्टिक तापलं की त्यातलं काय काय दुधात उतरतं. कुणी आणली ही?"

सून शांतपणे म्हणाली, "आमच्या मामांनी. ते नीट चौकशी केल्याशिवाय बाळाला काही आणत नाहीत."

तिनं टोमणा मारला असता तर मी निभावून नेलं असतं. ती खरंच तसं समजत होती. माझं तोंड, जे आयुष्यात कधी कोरडं पडलं नाही, ते पडलं.

"हातगाडीवरून घेतली," मी म्हणालो. "जर्मनी माझी."

रांगेतल्या बाया बघायला लागल्या. उरलेलं दूध सुनेनं बेसिनमध्ये ओतलं, बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. घरी आल्यावर बोंडलं काढून उकळायला ठेवलं. मी पुढं झालो तर म्हणाली, "राहू द्या मामा, मी पाजते."

पंधरा दिवसांनी बोंडलं माझ्या हाती आलं. पण मी काहीही आणलं की ती आधी ते उलटं करून बघते. परवा कलिंगड आणलं, तेसुद्धा. हे मी वाढवून सांगत नाही.