पहिली पावणेदोन मिनिटं

वहिनींचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. गाव संगमेश्वरच्या आतल्या बाजूला, तिथून एसटीने हायवेची धूळ खात त्या आणि भावोजी सकाळी रत्नागिरीला यायचे. हॉस्पिटल आटोपलं की दुपारी आमच्या घरी. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, आमचे हे जयगडला बंदरावर कामाला. त्या दोन दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकायचे नाहीतर मुख्याध्यापिका बाईंना सांगून लवकर निघायचे. वहिनींचं जेवण वेगळं करावं लागे. भाजी उकळून तिचं पाणी फेकून द्यायचं, नारळ नाही, मीठ नावाला. नारळाशिवाय जेवायला लागेल असं त्या माणसाला आयुष्यात कधी वाटलं नसेल. पण कुरकुर नाही. भाताचा घास घेऊन म्हणायच्या, "बरा झालाय गो." ते खोटं आहे हे आम्हा दोघींनाही कळायचं.

गौरीची गाणी मी त्यांच्याकडूनच शिकले. लग्न होऊन आले तेव्हा मला एकही येत नव्हतं. आमच्या घरात रीत अशी की थोरलीने गाणं उचलायचं. सुरुवातीला ती एकटीच म्हणते, अगदी संथ. गावदेवीचं नाव घेते, मग सीमेवरच्या देवाचं, विहिरीचं, मग घरातल्या गेलेल्या माणसांची नावं. ते झालं की धाकटी पुढची गोष्ट सांगते, गौर माहेराला कशी निघाली ती, आणि थोरली मागे धरते. वहिनींचा आवाज जाड होता, थोडा फाटका. पण त्या नावं घ्यायला लागल्या की अंगणातल्या बायका हातातलं काम ठेवायच्या.

ते रेकॉर्ड करायचं डोक्यात माझ्या आलं. वहिनींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गावातल्या पोरींना आता येत न्हाय. र्‍हाऊदे कुठेतरी." त्यांचं कारण एवढंच होतं. माझं तेवढंच नव्हतं. सेहेचाळीस वर्षांची झाले होते, जन्मभर घरच्या आणि गावच्या बायकांसमोरच गायले होते. ज्यांचं आपल्याशी नातं नाही अशा कुणीतरी ऐकावं, असं मला फार वाटायचं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नव्हते.

शहरात एक स्टुडिओवाला होता. तिशीतला, पूर्वी लग्नाचे व्हिडिओ करायचा, आता लोकांची गाणी मोबाईलवरच्या गाण्यांच्या ॲपवर चढवून द्यायचा. माणूस सरळ होता, हे मला आजही म्हणायचं आहे. एका गुरुवारी, म्हणजे डायलिसिसच्या आदल्या दिवशी, वहिनींना मुद्दाम वस्तीला बोलावून आम्ही त्याच्याकडे गेलो. वहिनी खुर्चीवर बसून गायल्या. पाय सुजलेले, मध्ये मध्ये दम लागायचा. तरी एका दमात जमेल तेवढं घेतलं. पूर्ण गाणं साडेपाच मिनिटांचं झालं. त्यातली पहिली पावणेदोन मिनिटं वहिनी एकट्या.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओवाल्याने मला एकटीला बोलावलं. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. म्हणाला, "ताई, गाणं कुणाला दाखवायचं हे आता माणूस ठरवत नाही, अल्गोरिदम ठरवतो. तो बघतो, ऐकणारा किती वेळ थांबला. अर्ध्या मिनिटाच्या आत पुढे गेला तर ते ऐकलं असं धरतच नाहीत, उलट तुमच्या नावावर वाईट पडतं. शेवटपर्यंत ऐकलं, स्वतःच्या यादीत ठेवलं, परत लावलं, तर तो तसल्याच आवडीच्या दुसऱ्या लोकांपुढे ते गाणं ठेवतो. तिथूनच नवीन माणसं मिळतात."

"मग?"

"मग एवढी संथ सुरुवात कोण ऐकणार? तुमचा आवाज पहिल्या पाच सेकंदांत यायला हवा."

मी म्हटलं, सुरुवात थोडी लहान करून पुन्हा गाऊ. पण वहिनींना पुन्हा तेवढं बसवायची माझीच तयारी नव्हती. त्या आठवड्यात त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. तेव्हा त्याने सुरुवात कापून दाखवली. गाणं माझ्या आवाजाने सुरू झालं, वहिनी मागे, हलक्या. ऐकायला छान वाटत होतं. खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा छान वाटत होतं. मी हो म्हटलं.

मग नावाचा प्रश्न आला. दोघींची नावं घातली तर मशीनला कलाकार ओळखायला वेळ लागतो, एकच नाव ठेवा, पुढची गाणीही त्याच नावावर येऊ देत, असं तो म्हणाला. पुढची गाणी मीच गाणार हे आम्हा दोघांना न बोलता कळत होतं. मी माझं नाव दिलं.

तिसरी गोष्ट त्याने निघताना सांगितली. "घरच्यांना आणि गावातल्यांना पहिला महिनाभर गाणं लावायला सांगू नका."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, "तुमच्या गावातल्या बायकांच्या फोनवर काय काय असतं? भजनं, मालिकांची गाणी, पोरांचे कार्टून. त्यांनी लावलं की अल्गोरिदमला वाटतं, हे गाणं कार्टून बघणाऱ्यांचं आहे. तो भलत्याच लोकांकडे पाठवतो, ते अर्ध्यात सोडतात, आणि गाणं बसतं. पहिले दिवस लोकगीतं शोधून ऐकणारेच यायला हवेत. ते मी बघतो."

गावातल्या बायकांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. मी त्यावर लिहिलं की गाणं येतंय, पण महिनाभर कृपया कुणी लावू नका, कारण आहे, नंतर सांगेन. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला. गौरीच्या वेळी वहिनींच्या बाजूला बसणाऱ्या त्याच. सरळ म्हणाल्या, "आमच्या कानांनी बाटतंय काय गो तुझं गाणं?"

मी अल्गोरिदम समजावून सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून फोन ठेवला.

वहिनींना मी शुक्रवारी जेवताना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मीपण ऐकायचं न्हाय?"

"थोडेच दिवस, वहिनी. गणपतीपर्यंत."

"बरं." मग म्हणाल्या, "लांबच्या लोकांनी ऐकायचं म्हणजे आपण गप्प बसायचं, असं हाय काय ते?"

मी हसले. त्याही हसल्या. सुरुवात कापल्याचं सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. ताटातली भाजी त्यांनी बाजूला सारली होती, ती मी उचलून ठेवली आणि विषय राहिला.

स्टुडिओवाल्याचं सगळं खरं ठरलं. गाणं येण्याआधी त्याने ॲपवाल्यांचा फॉर्म भरला, त्यात शांत, लोकगीत, बाईचा आवाज असं लिहिलं. पंधरा सेकंदांचे तुकडे करून टाकले. लोकगीतं गाणाऱ्या दुसऱ्या एका बाईच्या ऐकणाऱ्यांपर्यंत ते जाईल असं काहीतरी केलं. दुसऱ्या आठवड्यात गाणं कुठल्यातरी शांत झोपेच्या गाण्यांच्या यादीत गेलं आणि मग आकडा थांबेना. शाळेत जेवणाच्या सुट्टीत मी फोन उघडून शहरांची नावं वाचायचे. काही कुठे आहेत तेही मला माहीत नव्हतं. एका बाईने लिहिलं होतं, भाषा कळत नाही, पण माझं बाळ याच्यावर झोपतं. मला आनंद झाला. तो झाला नाही असं आता म्हणणं खोटेपणाचं होईल.

त्या दिवसांत वहिनी चार वेळा आमच्याकडे आल्या. जेवल्या, पडल्या, गेल्या. एकदा मी त्यांना आकडा दाखवला. त्या चष्मा लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढी माणसं." पुढे काही नाही. त्यांना थकवा आला असेल असं मला वाटलं.

गणपतीला आठ दिवस असताना शुक्रवारच्या डायलिसिसमध्ये त्यांचं बीपी खाली गेलं ते वर आलंच नाही. आत ठेवून घेतलं. शनिवारी त्या मला ओळखत होत्या, पण बोलत नव्हत्या. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला गेल्या. अँब्युलन्सने गावी नेलं. हे जयगडहून परस्पर आले. सुतकातच गणपती आले, त्यामुळे त्या वर्षी घरात मूर्ती नाही आणि गौरही नाही. वाडीतल्या बाकीच्या घरांतून गाण्याचा आवाज यायचा. मी पडवीत तांदूळ निवडत बसायचे आणि माणसं यायची, बसायची, जायची.

दिवस झाल्यावर एका दुपारी भावोजी माझ्याजवळ येऊन बसले. एरवी ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. म्हणाले, "तुझं गाणं ऐकलंन हां तिने."

मी म्हटलं, "कधी?"

"झाले आता तीन-साडेतीन आठवडे. मंगळवार होता. मशीन चालू होतं. तिथल्या सिस्टरला हिनेच कधी सांगितलेलं, तिने स्वतःहून विचारलं, तुमच्या जाऊबाईंचं गाणं आलंय ना, लावू का. ही म्हणाली, तुझ्या फोनवर लाव, माझ्यावर नको, तिचं बिघडेल."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"सगळं ऐकलंन. संपल्यावर सिस्टरला विचारलंन, याच्या आधीचं काय हाय काय? सिस्टर म्हणाली, न्हाय आजी, एवढंच आहे."

"मग?"

"मग काय न्हाय. डोळे मिटून पडली. एसटीत बसल्यावर म्हणाली, आवाज बरा लागलाय तिचा."

भावोजी मला बोल लावत नव्हते. कापलं कुणी, का, हे त्यांना कदाचित माहीतही नव्हतं. वहिनींची एक आठवण म्हणून ते सांगत होते. मी दिवस मोजले. त्या मंगळवारपासून त्या तीन वेळा माझ्या घरी जेवल्या होत्या. त्याच दुपारीसुद्धा, हॉस्पिटलातून सरळ माझ्याकडेच. मी आकडा दाखवला तोही त्यानंतरच. तिन्ही वेळा त्या माझ्यासमोर बसल्या होत्या आणि मी भात वाढला होता.

काही दिवसांनी स्टुडिओवाल्याचा फोन आला. दीड महिन्यात नवीन गाणं आलं नाही तर अल्गोरिदम विसरतो, असं सांगायला. मी वहिनींचं सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. मग मी म्हटलं, पूर्ण गाणं चढवायचं आहे, साडेपाच मिनिटांचं, दोघींच्या नावाने, वहिनींचं नाव आधी. तो म्हणाला, "ताई, करतो. पण स्पष्ट सांगतो, हे चालणार नाही. आणि याने पहिल्या गाण्यालाही धक्का लागेल." मी म्हटलं, लागू दे.

त्याने केलं. चार दिवसांनी त्याने मला आलेख दाखवला. ऐकणारे कुठे सोडून जातात ती रेघ. मशीनने ते माझ्याच जुन्या ऐकणाऱ्यांपुढे ठेवलं होतं. त्यांना मऊ, झोपेचा आवाज हवा होता आणि इथे एक फाटक्या आवाजाची म्हातारी देवांची नावं घेत होती. बहुतेक जण गावदेवीपाशीच गेले. विहिरीपर्यंत थोडे टिकले. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं सुरू होतात तिथे रेघ जमिनीला टेकली होती. तिथून पुढे माझा आवाज होता, तिथवर जवळजवळ कुणी पोचलंच नव्हतं. पहिल्या गाण्याचा आकडाही त्याच महिन्यात उतरायला लागला. स्टुडिओवाल्याने लॅपटॉप मिटला आणि मला पाणी आणून दिलं.

मी लिंक गावच्या ग्रुपवर टाकली. लिहिलं, आता सगळ्यांनी ऐका. बायकांनी हात जोडलेले टाकले, एखाद्याच्या जाण्याची बातमी आल्यावर टाकतात तसे. कुणी काही लिहिलं नाही. आपल्या जिल्ह्यातून किती जणांनी लावलं ते ॲपवर दिसतं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यातली दोन बोटं आमच्याच घरातली.

मध्यंतरी शहराजवळच्या भाट्ये गावची एक बाई मला शोधत शाळेत आली. कोळीगीतं म्हणते, चांगली म्हणते. गाणं लोकांपर्यंत कसं न्यायचं, तुम्हाला जमलं, मला सांगा, म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. आवाज लवकर आणा, एकच नाव ठेवा, दीड महिन्याला एक गाणं द्या. घरच्यांचंही सांगितलं, कारण ते खरं आहे. ती वहीत लिहून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "याने होतं ना पण?" मी म्हटलं, "होतं." वहिनींबद्दल काही सांगितलं नाही. अर्ध्या तासाच्या ओळखीत ते कसं सांगणार?

यंदा गौरीला आम्ही गावी गेलो. आता घरात थोरली मी. रीतीप्रमाणे गाणं मी उचलायला हवं होतं. आरती झाल्यावर बायका अंगणात गोल बसल्या, मीही बसले आणि घसा साफ केला. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी गाणं सुरू केलं. वहिनींच्या चालीवर नाही, त्यांच्या माहेरच्या चालीवर. नावं तीच, गावदेवी, सीमेवरचा देव, विहीर. गेलेल्या माणसांत त्यांनी वहिनींचं नाव घेतलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. ती चाल मला नीट येत नव्हती. दोन ओळी ऐकून घेतल्या आणि तिसरीला, जमेल तशी, मी मागे धरली.