भाजलेलं सोयाबीन आणि गरम वाफा

नळदुर्गहून धाराशिवला जाणाऱ्या एसटीत, भर थंडीत, मला दरदरून घाम फुटला. पाळी जायच्या दिवसांतल्या या गरम वाफा मी घरात सगळ्यांपासून लपवत होते. शेजारच्या अनोळखी बाईंनी खाडकन खिडकी उघडली आणि त्या पदरानं मला वारा घालू लागल्या.

"पाळी जायलीय व्हय, ताई?" त्यांनी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं.

मी मान खाली घातली. मागून कुणीतरी ओरडलं, "खिडकी लावा!"

"गप बसा की, बाईमाणसाला गरम व्हायलंय!" त्यांनी दटावलं आणि भाजलेलं सोयाबीन माझ्या हातावर ठेवलं. "खावा. डॉक्टरीणबाई म्हणल्या, यानं काहींना बरं वाटतं."

"तुम्हाला गुण आला?"

"थोडा आला. पण सुनंला सांगितलं, तवा लई हलकं वाटलं. न सांगता कुणाला कसं कळावं?"

तुळजापूरला त्या उतरल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी पोचताच मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं मोठ्ठा सुस्कारा सोडला.

"आणि मी समजत होतो, माझ्या घोरण्याला कंटाळून तू बाहेरच्या खोलीत झोपतेस!"