कावळे बोलावणाऱ्या वालूताई

ऑस्ट्रियाच्या वाल्ट्राउट बाई काशीत जर्मन शिकवायला आल्या आणि ब्रह्मा घाटाजवळ दत्तात्रेय गुरुजींच्या गच्चीवरच्या खोलीत राहू लागल्या. अख्खा वेद न अडखळता म्हणणारे गल्लीतले वैदिक त्यांच्या नावापाशी मात्र धापा टाकायचे. शेवटी गुरुजींच्या पत्नी कालिंदीकाकूंनी बारसं उरकलं. "वालू म्हणू. हाक मारायचीय, संकल्प थोडाच सोडायचाय?"

वालूताई शिस्तीच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी समोरून आलेल्या सांडाला हाताने खूण करून डाव्या बाजूने जायला सांगितलं. सांड मधूनच गेला, वालूताई पानवाल्याच्या फळीवर गेल्या. वर्गाची वेळ सातची असली की मुलं पावणेआठला "बस, आ ही गए थे मॅडम" म्हणत उगवत. काशीत वेळेवर येणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

त्यांची न्याहारी गच्चीवर. पहिले काही दिवस ती माकडांनीच केली. काकू म्हणाल्या, "थाळी वाजव गं, पळतील." वालूताईंनी चमच्याने स्टीलची थाळी बडवली. माकडं ढिम्म. ती देवळांच्या घंटांत वाढलेली, त्यांना थाळीचं काय कौतुक! कावळे मात्र चौकशीला आले. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नसतं, हे वालूताई काकूंकडूनच शिकल्या होत्या. त्यांनी लोणी लावून टोस्ट दिला. मग रोजच दिला. थाळी वाजली की टोस्ट, हे कावळ्यांना पाठ झालं. वर्गातल्या मुलांपेक्षा त्यांची हजेरी चांगली होती.

हे सगळं सुमंतरावांना खुपायचं. सुमंतराव म्हणजे गुरुजींचे धाकटे भाऊ, बँकेतून निवृत्त, राहायला पलीकडच्या गल्लीत. घरात वाटा अर्धा, मत पूर्ण. "वैदिकाच्या घरात परदेशी भाडेकरू? दादा, अप्पांना हे पटलं असतं का?"

पितृपक्षात अप्पांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची तिथी आली. काकूंनी वालूताईंना बजावलं, "आज गच्चीवर काही खाऊ नकोस हं. आधी कावळ्याचं पान, मग आपण." वालूताई आज्ञाधारकपणे खोलीत उपाशी बसल्या.

गुरुजींनी कावळ्यासाठी गच्चीवर पान ठेवलं. भात, वडे, खीर, पुण्याहून आलेल्या आमसुलांची चटणी. कावळे शेजारच्या कठड्यावर रांगेने बसले होते, पण पानाकडे बघेनात. सगळ्यांच्या माना वालूताईंच्या दाराकडे.

"अप्पांचं काहीतरी राहिलंय," गुरुजी हात जोडून म्हणाले. "अप्पा, तुमच्या नातवाचं, सुश्रुतचं लग्न यंदा करतो."

कावळे गप्प.

"मामंजी, तुमची आरामखुर्ची विणून घेते," काकू म्हणाल्या.

कावळे गप्प. ऊन चढलं. खाली जेवायला आलेले ब्राह्मण उगाचच खाकरू लागले.

"दादा, मी सांगतो काय राहिलंय!" सुमंतराव कडाडले. "ही खोली! अप्पा, ही बाई महिनाअखेर जाईल, शब्द देतो!"

गुरुजी खाली बघत म्हणाले, "अप्पांचीच तशी इच्छा असेल तर... काय करणार?"

दार करकरलं. डोळे पुसत वालूताई बाहेर आल्या. "काकू, मी जाते. पण ते पानाला नाही, मला थांबलेत. जायच्या आधी बोलावू?"

"बोलाव बाई! वडे गार झाले!"

वालूताईंनी थाळी वाजवली. कठडा एका क्षणात रिकामा. कावळे पानाभोवती उतरले आणि टोस्ट कुठेच दिसेना म्हणून एकमेकांकडे बघू लागले. त्यातला एक थोराड कावळा मान तिरकी करून पानाभोवती चालला, खिरीत डोकावला; त्याने चटणी ओलांडली, काकूंकडे नाराजीने पाहिलं आणि उपकार केल्यासारखी वड्याला चोच लावली.

काकूंनी पदर सावरून नमस्कार केला. "मामंजीच! चाळीस वर्षं माझ्या पानाकडे अस्सेच बघायचे!"

"ही फसवणूक आहे," सुमंतराव म्हणाले. "हे थाळीला आले!"

"भाऊजी, मामंजी तरी हाकेला कधी आले होते? थाळी वाजल्यावरच यायचे ना जेवायला?"

गुरुजींना हसू आवरेना. "सुमंत, अप्पा आले, जेवले. खोलीचं काही बोलले नाहीत. वालूताई, पानं वाढलीत, चला."

जेवताना वालूताईंनी तीनदा खीर घेतली. सुमंतरावांनी रागाने चारदा.

हात धुतल्यावर ते वालूताईंच्या आसपास घोटाळू लागले. घसा साफ केला. छताकडे पाहिलं.

"परवा माझ्या सासऱ्यांची तिथी आहे. गेल्या वर्षी संध्याकाळपर्यंत ताटकळलो होतो. तुम्हाला... जमेल का? थाळी आमची चालेल, की हीच लागते?"

"हीच," वालूताई म्हणाल्या. "अकरा वाजता. उशीर चालणार नाही."

तिथीच्या दिवशी साडेदहालाच सुमंतराव दारात हजर होते. थाळी त्यांनी स्वतः उचलली.