प्रत्येक वाक्य दोनदा

सोमवारी सकाळी पावणेनऊ वाजता माझे पती गेले. त्यांच्या गळ्यातला फोन मी काढला आणि कपाटात ठेवला.

ते खामगावच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. खिडकीमागे बसून माइकवरून गाड्या सांगायचे. पिंपळगाव राजा, देऊळगाव राजा, फलाट अमुक, मार्गे तमुक. प्रत्येक गाडी दोनदा सांगायची, अशी तिथली रीत. पहिल्यांदा सांगितलं की लोक मान वर करतात आणि दुसऱ्यांदा सांगितलं की ऐकतात, असं ते म्हणायचे.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही. घरात रोज लागणारी वाक्यं आधीच रेकॉर्ड करून ठेवा, हेही त्यांनीच सुचवलं. मुलीनं पुण्याहून नवा फोन पाठवला, त्यात एक अ‍ॅप घालून. पडद्यावर चौकोन दिसायचे. चौकोन दाबला की आपण भरून ठेवलेलं वाक्य आपल्याच आवाजात ऐकू यायचं.

मी शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून वाक्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी ती वाचली आणि उशीखाली सारली.

"असं कोन बोलते घरात? कृपया चहा कर, असं म्हनू का तुले?"

मग त्यांनी स्वतःच्या मनानं वाक्यं भरली. चहा मांड. मले भूक नाही. काऊन उशीर झाला? पंखा कमी कर. तू जेवली काय? मला त्यांनी जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. त्या जागी 'ऐकलं का' हा एक चौकोन होता. अशी चौतीस वाक्यं झाली, आणि प्रत्येक वाक्य ते दोनदा बोलले.

"दोनदा कशाला? मी काय फलाटावर उभी आहे?"

"सवय हाय. एकदाच बोललो तं अर्धंच बोलल्यावानी वाटते."

ऑपरेशननंतर आठ महिने ते त्या फोनवरून बोलत राहिले. दोरी लावून तो गळ्यात अडकवलेला असे. वाचनालयातून पुस्तक बदलून मी घरात शिरले की "काऊन उशीर झाला? काऊन उशीर झाला?" मी चिडायचे. मी चिडले की ते "मले भूक नाही" दाबायचे, तेही दोनदा वाजायचं, आणि थोड्या वेळानं ताटावर येऊन बसायचे.

तेरवीनंतर महिन्याभरानं मी फोन कपाटातून काढला. चार्ज केला, 'ऐकलं का' दाबलं. आवाज आला. आणखी दोन चौकोन दाबले आणि फोन आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू केला, तर मिनिटभरात पुन्हा बंद. त्या अ‍ॅपमधून काही दुसरीकडे पाठवायची सोय नव्हती. ज्यांनी ते बनवलं त्यांनी काम गुंडाळलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, वॉरंटीचे अजून दोन महिने आहेत. कंपनीच्या सेंटरला दाखव."

मी अकोल्याला गेले. काउंटरवरच्या मुलीनं फोन तपासून आणला. मदरबोर्ड बदलावा लागेल, वॉरंटीत होईल, पण आतलं काही राहणार नाही, असं तिनं सांगितलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. मी सही केली नाही. फोन पर्समध्ये ठेवून परत आले.

खामगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक जण माझा विद्यार्थी आहे. त्याचे वडील तिथेच रेडिओ दुरुस्त करायचे. त्यानं स्टूल पुसून दिलं.

"बसा बाई. तुमी मले सहावीत बाकावर उभं केलं होतं, तरी बसा."

माझं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "रूट करा लागन." रूट म्हणजे काय ते मला कळेना. त्यानं सांगितलं, "घर आपल्याले देल्लं, पन एक खोली कंपनीनं कुलूप लावून ठेवली, असं समजा. साहेबाचे बोल त्या खोलीत हायेत. रूट करनं म्हंजे ते कुलूप काढनं."

"मग काढ."

"काढलं का वॉरंटी गेली. आन् दुसरी गोष्ट अशी, कुलूप उघडलं का फोन समजते चोर आला. सगळं सोताच पुसून टाकते. या मॉडेलले एक आडवाट हाय म्हन्तात, इंटरनेटवर. मी अजून एकदाबी केली नाही."

"जमलं नाही तर?"

"तं कंपनी हात लावत नाही, आन् आवाजबी जाते."

घरी येऊन मी वॉरंटीची पुस्तिका वाचायला घेतली. बारीक टाइप, इंग्रजी. चार दिवस मी ती एखाद्या कठीण धड्यासारखी वाचत होते. पडद्याचं काय, बॅटरीचं काय, पाणी गेलं तर काय, सगळं होतं. अनधिकृत बदल केल्यास हमी संपते, हेही होतं. आत साठवलेल्या मजकुराची जबाबदारी आमची नाही, एवढी एकच ओळ माझ्या कामाची निघाली. वाचून झाल्यावर वाटलं, मी जपते आहे ती वॉरंटी फोनची आहे. यांची तर नाही. पाचव्या दिवशी दुकानात जाऊन मी म्हणाले, "कर रूट."

त्यानं फोन हातात घेतला, पण कॉम्प्युटरला जोडला नाही. वाक्य वाजत असताना त्याच फोनमध्ये ते रेकॉर्ड होतं का, हे त्यानं आधी पाहिलं. दोन कामं एकदम दिल्याबरोबर फोन बंद. मग तो म्हणाला, "बाई, मले एक बोल ऐकवा तं." मी "तू जेवली काय" दाबलं. एकदा आवाज आला. दुसऱ्यांदा "तू जेव" इथपर्यंत येऊन फोन विझला.

तो हसायला लागला. मला राग आला.

"तसं नाही बाई. साहेब दोनदा बोलले! स्टँडवर बोलायचे तसंच. एक खेप तं पूर्न आली ना?" त्यानं स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. "तुमी श्रुतलेखन घालायच्या तवा दोनदाच वाचायच्या. एकदा हुकलं तरी दुसऱ्यांदा सापडे. तेच करा. हा बोलन, दुसरा फोन लिवून घेईन. कुलूप काहाले तोडता?"

"आवाज तसाच येईल?"

"तसाच नाही येनार. घरातलं बाकीबी येईन त्याच्यात."

पुढचे अकरा दिवस मी रोज दुपारी तेवढंच केलं. खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, दोन्ही फोन उशीवर शेजारी ठेवायचे. तीन वाक्यं झाली की फोन तापायचा, मग थांबायचं. कधी पहिली खेप पूर्ण मिळायची, कधी दोन्ही. मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा आवाज कितीही केलं तरी आत यायचाच. एका वाक्यात माझा खोकला आला. ते वाक्य मी पुन्हा घ्यायला गेले, तोवर फोन कायमचा बंद झाला होता. चौतिसाव्याची पाळी आलीच नाही. ते "दवाखान्याची फाइल घे" होतं.

वॉरंटीला नऊ दिवस उरले असताना मी अकोल्याला जाऊन त्या कागदावर सही केली. फोन दुरुस्त होऊन कोरा परत आला.

आता तेहतीस वाक्यं माझ्या फोनमध्ये आहेत आणि मुलीकडेही आहेत. एकवीस दोनदा, बारा एकदाच. त्यांचा फोन स्वयंपाकघरात असतो. मुलीचा फोन त्याच्यावर येतो.