वहिनींची गोळी आणि भोंग्याची पंचाईत

वस्तीत त्याला सगळे भोंगाच म्हणत. सायकलच्या हँडलला कर्णा बांधलेला, मागे कॅरिअरवर बॅटरी, आणि हा गल्लीगल्लीतून ओरडत जायचा. उद्या पाणी येणार नाही, अमक्याची आई वारली, चपलांच्या दुकानात सेल लागलाय. आवाज असा खणखणीत की नुकतं झोपलेलं मूल दचकून उठायचं आणि त्याची आई भोंग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. भोंग्याला त्याचं काही वाटत नसे. "लिहून देतात ते मी बोलतो. मला कशाला बोल लावता?"

तो राहायचा वहिनींकडे. थोरला भाऊ गेला तेव्हा याला जेमतेम मिसरूड फुटलं होतं. वहिनींनीच त्याला खाऊपिऊ घातलं, दोन चार धपाटे घातले आणि माणसात आणलं. त्या बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. धुतलेल्या बाटल्या क्रेटमध्ये भरायच्या, क्रेट उचलून सरकत्या पट्ट्यावर ठेवायचा, लगेच पुढचा. कमरेचा पार भुगा झाला होता. संध्याकाळी घरी आल्यावर भिंतीला पाठ टेकून एक पिवळी गोळी घ्यायच्या आणि थोड्या वेळाने कामाला लागायच्या. आधी एक पुरायची, हल्ली सकाळीही लागायची. गोळ्यांची पट्टी आणायचं काम भोंग्याचं. दुकानात जाऊन 'कमरेची पिवळी' म्हटलं की झालं.

एकदा दवाखान्यातल्या सिस्टरांनी त्याला बोलावून कागद दिला. त्यात एका गोळीचं लांबलचक नाव होतं. ही अफूच्या कुळातली गोळी दुखण्याला तात्काळ आराम देते, पण तिची शरीराला सवय लागते, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असा मजकूर. ते नाव उच्चारताना भोंग्याची जीभ तीनदा अडखळली. पण त्याने इमानेइतबारे अख्खी वस्ती पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी तो वहिनींची पट्टी आणायला गेला तर दुकानासमोर ही गर्दी.

"ये बाबा, तुझीच वाट बघत होतो," औषधवाला म्हणाला. "सकाळपासून लोक येतायत. भोंग्याने सांगितलेली गोळी द्या, तात्काळ आरामवाली. सगळा माल संपला."

"अहो, पण मी तर घेऊ नका म्हणून ओरडलो!"

"सायकल पुढे गेल्यावर काय ओरडलास ते कुणाला ऐकू येतंय?"

भोंग्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "बरं, ते राहू दे. कमरेची पिवळी द्या."

औषधवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "अरे, तीच ही. तू वहिनींसाठी नेतोस ती. तुझी पट्टी तेवढी बाजूला ठेवलीय."

घरी येईपर्यंत त्याच्या डोक्याचा भुगा झाला. वहिनींची तर औषधाची गोळी. डॉक्टरांनीच पहिल्यांदा लिहून दिलेली. मग कागदातली ती दुसरी असणार. पण नाव एकच. त्याने विचार करून पाहिला आणि सोडून दिला.

थोड्या दिवसांनी दवाखान्याच्या वरच्या ऑफिसातून नवा मजकूर आला. यात गोळीचं नावच नव्हतं. गोळ्यांची नशा करणाऱ्यांना ओळखा, वेळीच दवाखान्यात कळवा, एवढंच. सिस्टर कागद देताना जरा घुटमळल्या, पण दिला. भोंग्याला उलट बरं वाटलं. नशेबाज म्हणजे गटारात पडणारे, त्यात आपलं कोण?

त्या दिवशी मात्र कर्णा जाईल तिथे दारं लागत गेली. संध्याकाळी घरी आला तर वहिनी त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या.

"भावजी, आज आपल्या गल्लीत जरा जास्तच वेळ थांबलात."

"चढावर चेन पडली होती, वहिनी."

"तुम्ही ओरडत होतात आणि सगळ्या बाया माझ्या दाराकडे बघत होत्या." त्यांनी वळून पाहिलं. "मी नशेबाज का हो?"

वहिनींनी पट्टी उचलली आणि गोळ्या एकेक करून मोरीत टाकल्या.

पुढच्या दिवशी त्या कामावर गेल्या नाहीत. अंगाला दरदरून घाम, नाक वाहतंय, पाय नुसते ओढतायत, पोटात काही ठरत नाही. भोंगा कर्णा तसाच सायकलवर सोडून दवाखान्याकडे पळत सुटला. सिस्टर त्याच्याबरोबर घरी आल्या. वहिनींजवळ बसून म्हणाल्या, "अशी एकदम नाही हो सोडायची. हळूहळू कमी करू. डॉक्टर सांगतील तशी. मी बरोबर आहे."

"मला दवाखान्याच्या पायरीवर बघितलं तर लोक काय म्हणतील?" वहिनी म्हणाल्या. सिस्टर त्यांचं पांघरूण नीट करून उठल्या.

बाहेर आल्यावर भोंग्याने त्यांना गाठलं. "सिस्टर, एक काय ते सांगा. ही गोळी औषध की नशा?"

"दोन्ही."

"आणि वहिनी आजारी की व्यसनी?"

"कमरेने दमलेल्या," सिस्टर म्हणाल्या. "तो कागद मी तुला द्यायला नको होता."

भोंग्याच्या डोक्यातला गुंता आणखीच वाढला. आजवर त्याला कागदावरचं वाचून दाखवायचं एवढंच ठाऊक होतं. असलं काही कर्ण्यातून कसं सांगायचं?

गोळ्या परत सुरू करून वहिनी पुन्हा कामावर जायला लागल्या, तेव्हा पाळी सुटल्यावर कारखान्याच्या मागच्या अंगणात बायका उपडे क्रेट मांडून बसत, तिथे त्या जाऊन टेकल्या. पूर्वी या बायका तिथे एकमेकींच्या पाठी रगडून द्यायच्या, सासूच्या चहाड्या करायच्या. गोळ्या आल्यापासून सगळ्या सरळ घरी पळायच्या. त्या दिवशी वहिनींनीच त्यांना हाका मारून बसवलं आणि विषय काढला. "मी रोज दोन घेते. सोडायला गेले तर मेले असते. तुमच्या पर्समध्ये किती आहेत?" कुणी हसलं, एक रडायला लागली. मग पर्सा उघडल्या. आजवर ही तिला गोळी देत होती, ती हिला, मायेनेच.

पुढच्या वेळी वहिनींनी सिस्टरांना तिथे बोलावून घेतलं. पांढरे कपडे न घालता या, अशी अट घालून. डॉक्टरही एकदा येऊन क्रेटवर अवघडून बसून गेले. बायकांनी आपापसात ठरवलं की क्रेट दोघींनी मिळून उचलायचा. सुपरवायझर गुरगुरला, पण सगळ्याच ऐकेनात तेव्हा गप्प बसला. नवी पोरगी कामाला लागली की जुन्या तिला पहिल्याच दिवशी सांगायच्या, "पाठ धरली तर आमच्याकडे ये गं. कुणाची गोळी मागू नकोस."

वहिनी एका गोळीवर आल्या. मग कामाचा रेटा वाढला तेव्हा पुन्हा दोन झाल्या आणि वहिनी अंगणात जायला लाजल्या. दोघी जणी येऊन त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. आता अर्धी घेतात. कंबर दुखतेच.

भोंग्याला यातलं नेमकं कशाने काय झालं ते अजून कळलेलं नाही. त्याने एकदा विचारलं, "वहिनी, तुमच्या त्या बैठकीचं ओरडू का वस्तीत?"

"खबरदार!" वहिनी म्हणाल्या. आणि हसल्या.

परवा गोदामातला एक हमाल त्याच्या सायकलला आडवा आला. धिप्पाड गडी, पण आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "ते बायका बसतात ना, तिथे पुरुषांनी गेलेलं चालतं का रे?"

भोंग्याने आधी कर्ण्याचं बटण बंद केलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "वहिनींना विचारून सांगतो."