खुरासणीच्या तेलातला म्हातारा

चित्रकलेबद्दल मी लिहावं हे धाडसच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. तैलरंगात मी एकच चेहरा पुरा केला, आणि तोही दुसऱ्याच्या चित्रावरून.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. मुंबईला संध्याकाळी एका चित्रकार मास्तरांकडे जात असे. बेचाळीसच्या चळवळीत कॉलेज बंद पडलं, मी शहापूर-मुरबाडच्या मधल्या आमच्या खेड्यात परत निघालो. तेव्हा मास्तरांनी एक छापील चित्र हातात दिलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा डच चित्रकाराचं. काळोखातून अर्धाच चेहरा बाहेर आलेला म्हातारा. म्हणाले, "याची नक्कल करून पौष लागायच्या आत आण. जमली तर तुला पूर्णवेळ शिकवीन. जागा एकच आहे."

काळोख रंगवणं सगळ्यात कठीण. त्यात काळा घालायचा नाही, तपकिरीचे पातळ थर द्यायचे, असं मास्तरांनी बजावलं होतं. थरांतच रंगात मिसळायचं जवसाचं तेल संपलं. लढाईमुळे शहापूरला मिळेना. घरात घाण्यावरचं खुरासणीचं तेल होतं, आई त्यात भाजी करायची. तेल ते तेल, असं वाटून मी तेच वापरलं.

चेहरा बरा उतरला, पण सुकेना; खुरासणीचं तेल जवसासारखं वाळत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. अंगणात मळणी चाललेली. कोंडा चिकटू नये म्हणून मी दार-खिडकी लावून चित्रापाशी बसू लागलो. आसनगाव स्टेशनपर्यंत बैलगाडीचा, फुफाट्याचा रस्ता. ओला म्हातारा न्यायचा कसा? आणि तेलाचं मास्तरांना कळवायची लाज वाटे.

बाबा दारातून म्हणाले, "आमचं भात सुकून कणगीत गेलं. तुजा म्हातारा कदी सुकायचा?"

"माज्याच तेलाचा हाय तो," आई आतून म्हणाली. "फोडणी देऊ का त्याला?"

मीही हसलो. पण पौष लागला तरी बोट चिकटतच होतं. बैल घ्यायला घरचे म्हशाच्या जत्रेला गेले, मी राहिलो. बंद खोलीत म्हाताऱ्याचा उजेडातला एक डोळा माझ्यावर. मी त्याला राखतोय की तो मला, हेच कळेनासं झालं. शेवटी धीर करून मास्तरांना सगळं लिहिलं.

उत्तराचं कार्ड बाबांनी शहापूरहून आणलं. जागा गेल्या आठवड्यात दुसऱ्याला दिली होती. खाली मास्तरांनी लिहिलं होतं, "मला वाटलं, तू नाद सोडलास. ओलं होतं तर ओलंच आणायचं होतंस."