दहा नंबरचा घास

प्रमोदिनीला आमच्या रेस्ट होममध्ये सगळे 'प्रोमो' म्हणायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. बाईच्या आईबापांनी एवढं भारदस्त नाव ठेवलं आणि तुम्ही त्याची जाहिरात करून टाकता? पण ती आपली हसायची आणि म्हणायची, जाऊ दे गं नीता, हाक मारतात ना, मग झालं. तिचं हे 'जाऊ दे' मला आयुष्यात कधी जमलं नाही. मी गिरगावातली, भांडण ऐकू आलं की हातातलं काम टाकून गॅलरीत धावणारी. ती पुण्याची, पंधरा वर्षं बालवाडीत शिकवून आलेली.

परदेशात, अवोन्डेलला रेसकोर्सच्या अंगाला आमचं ते रेस्ट होम, म्हणजे वृद्धाश्रम. मी स्वयंपाकघरात होते आणि ती केअरगिव्हर, म्हणजे म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं. रविवारी सकाळी आम्ही दोघी मार्केटमधून मेथी-कोथिंबीर घ्यायचो आणि तशाच पिशव्या घेऊन ड्यूटीवर यायचो. पिशवीतली मेथी पाहून एकदा कुणी तरी विचारलं होतं, हे गवत कशाला? तेव्हाही 'जाऊ दे' तीच म्हणाली.

ही गोष्ट दोन हजार पाचच्या उन्हाळ्यातली. तिथे ऋतू उलटे, उन्हाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारी. डग नावाचे एक गृहस्थ आमच्याकडे होते. पॅरालिसिसचा झटका आलेला, उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत पण डोकं शाबूत. उभं आयुष्य गावच्या रग्बी क्लबात गेलेलं, आधी खेळाडू म्हणून आणि मग कोच म्हणून. आल्यापासून त्यांनी जेवणाशी उभा दावा मांडला होता. चमचा जवळ आला की तोंडाला कुलूप. वजन उतरत चाललेलं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की हे असंच राहिलं तर हॉस्पिटलात पाठवून नाकातून नळी घालावी लागेल. आणि डगना नळीचं नाव काढलेलंही चालायचं नाही. डावा हात असा काही झटकायचे की समोरचा ट्रे उडायचा.

प्रमोदिनीने ते मनावर घेतलं. का, ते मला ठाऊक होतं. तिचे वडील, विश्वनाथ मास्तर, पुण्यात शेवटचा महिनाभर असेच जेवेनासे झाले होते. तिचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी दिलेला, हातात नव्हता, त्यामुळे तिला जाता आलं नाही. फोनवरून वहिनीला सांगत राहायची, असं भरवा, तसं भरवा. तसेच गेले ते. हे तिने मला एकदाच सांगितलं, बसस्टॉपवर, रस्त्याकडे बघत.

तर तिने काय केलं, बालवाडीतली युक्ती काढली. आपल्याकडे पोरांना भरवतात ना, हा घास चिऊचा, हा घास काऊचा, तसंच. फक्त चिऊकाऊच्या जागी डगच्या क्लबातले दहा नंबरचे खेळाडू. रग्बीत दहा नंबर म्हणजे ज्याच्या डोक्याने सगळा खेळ चालतो तो, बॉल कुठे जायचा हे ठरवणारा. डगच्या भिंतीवर अशा सगळ्यांचे फोटो होते आणि त्यांची क्रमवारी डगनी मनात पक्की केलेली होती. एक नंबर रेड, दोन टामा, तीन बिली, आणि स्वतःला त्यांनी पाचवा दिला होता. चौथ्या जागेच्या लायकीचा माणूसच झाला नाही म्हणे.

प्रमोदिनीला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आठवडाभरात तिला हे सगळे घरच्या दिरांसारखे पाठ झाले. रेडची तीन लग्नं झाली, टामा मासेमारी करतो, बिली पिऊन गाडी चालवताना सापडला. मग ती चमचा हातात घेऊन मुद्दाम चुकीचं बोलायची. मिस्टर डग, माझ्या मते बिलीच एक नंबर. मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं तिच्या जिभेला कधी जमलं नाही, म्हणून कायम मिस्टर डग. बिलीचं नाव ऐकलं की डगचं माथं भडकायचं. 'नो' म्हणायला तोंड उघडलं की हिने चमचा आत सारलाच.

मी दारातून बघून हसायचे. पण हसता हसता धास्तीही वाटायची. गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टने बजावून ठेवलं होतं की ह्यांना हनुवटी खाली, प्रत्येक घासाला दोनदा गिळायला लावायचं, आणि तोंडात घास असताना बोलू द्यायचं नाही. घास श्वासनळीत गेला की संपलं. प्रमोदिनीला ते माहीत होतं, ती डोळ्यांत तेल घालून त्यांच्या गळ्याकडे बघत असायची. गळ्याची घाटी दुसऱ्यांदा हलली की मगच पुढचं नाव. महिना चांगला गेला. वजन सावरलं. इन-चार्ज नर्स जोआन खूश झाली, आणि पामर्स्टन नॉर्थला, लांबच्या गावी राहणारी डगची मुलगी कॅरल भेटायला यायची ठरली.

ती आली नेमकी त्या दिवशी, ज्या दिवशी रेडिओवर लोक उन्हाळ्याचं सर्वांत भारी गाणं निवडत होते. दर जानेवारीला हा धुमाकूळ असायचा. डगचं मत ठरलेलं होतं, त्यांच्या लग्नाच्या वर्षी समुद्रावर तंबू ठोकून राहिले होते तेव्हाचं एक गिटारवालं गाणं. त्याच्यापुढे सगळी झूट. आणि प्रमोदिनीला त्या वर्षी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून धाडधाड वाजणारं एक नवंकोरं गाणं आवडायचं. कुमारा, म्हणजे तिथली रताळी, सोलताना माझ्या स्वयंपाकघरात ती त्यावर चक्क ठुमकायची, चाळिशी उलटलेली बाई.

बिलीच्या बाबतीत ती खोटं भांडायची. गाण्याच्या बाबतीत खरं भांडली, आणि तिथेच घात झाला. डग म्हणाले, हे गाणं नाही, हा गोंगाट आहे. ही म्हणाली, तुमच्या गाण्यावर झोप येते. बोलता बोलता तिने चमचा भरवला आणि त्याच दमात पुढे म्हणाली की ह्या वर्षी माझंच गाणं जिंकणार. गळ्याकडे बघायचं राहिलं. डगनी घास तोंडात असतानाच उत्तर द्यायला श्वास घेतला.

आवाजच आला नाही. मी सकाळचं लापशीचं भांडं उचलायला आले होते, मला फक्त त्यांचा चेहरा दिसला, आधी लाल, मग जांभळा. प्रमोदिनीने त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर मारत राहिली, मी भिंतीवरची बेल दाबून धरली. जोआन धावत आली. पिवळा कुमाऱ्याचा गोळा एकदाचा बाहेर पडला आणि डगनी असा श्वास ओढला की तो अजून माझ्या कानात आहे. दारात एक उंच बाई हातात फुलं घेऊन उभी होती. तीच कॅरल.

मग व्हायचं ते झालं. कॅरल ओरडली नाही, ते जास्त वाईट. तिने शांतपणे विचारलं की जेवताना माझ्या वडिलांशी कोण बोलत होतं. प्रमोदिनी म्हणाली, मी. तेवढंच. चिऊकाऊचं सांगितलं नाही, महिनाभराच्या कष्टांचं सांगितलं नाही. जोआनने तिचं भरवणं बंद केलं आणि तिला चादरींच्या कामावर लावलं.

डगनी पुन्हा तोंड मिटलं. दुसरी केअरगिव्हर गेली, जोआन स्वतः गेली, हात टेकले सगळ्यांनी. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर हॉस्पिटल आणि नळी. मी रोज त्यांचा वाडगा भरून पाठवायचे आणि तो तसाच परत यायचा, वर साय धरलेला.

प्रमोदिनी जेवतच नव्हती. डबा उघडायची, बंद करायची. मी म्हटलं, अगं जा, जोआनला सांग काय ते. म्हणाली, "माझ्या हातून माणूस गेला असता, नीता. मी दुसऱ्यांदा नाही हात लावणार."

गुरुवारी दुपारी कॅरल स्वयंपाकघरात आली. हातात वाडगा. तिने स्वतः भरवून पाहिलं होतं, बापाने तिच्याकडे पाहून तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. ती माझ्या टेबलाशी बसली आणि म्हणाली की थोडं पातळ करून देता का. बस्स, माझं डोकंच फिरलं. नोकरी गेली तर गेली. मी म्हटलं, पातळ-बितळ काही नाही, बाई, तुमचे वडील महिनाभर जगले ते त्या चादरींच्या घड्या घालणारीमुळे. चूक झाली तिची, मोठी झाली, पण तिच्या हातून माणूस जेवत होता, म्हणून तर चूक व्हायला जागा होती. मग मी सगळं सांगितलं. चिऊचा घास, रेड, टामा, बिली, सगळं. हात नाचवून सांगितलं.

कॅरल ऐकत राहिली. बिलीचं नाव आलं तशी हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. म्हणाली, त्या बिलीपेक्षा माझी किक लांब जायची. डगना मुलगा नव्हता, म्हणून लहानपणी तिलाच मागच्या अंगणात दहा नंबरचं सगळं शिकवलेलं, रोज, अंधार पडेपर्यंत. तेरा वर्षांची झाल्यावर तिने क्लबात खेळते म्हटलं तर डगनी तिचे बूट काढून घेतले. मुलींसाठी नेटबॉल आहे म्हणाले. ती यादी मी जन्मभर ऐकतेय, ती म्हणाली, आणि उठून सरळ चादरींच्या खोलीकडे गेली.

प्रमोदिनी नाहीच म्हणत होती. शेवटी कॅरल म्हणाली, उद्या शुक्रवार आहे. ते ऐकून ती खाली बसली आणि मग म्हणाली की एक मार्ग आहे, पण जोआनने शेजारी उभं राहिलं पाहिजे.

आम्ही चौघी डगच्या खोलीत. जोआन बेलपाशी, मी दाराला टेकून, जीव मुठीत धरून. प्रमोदिनीने त्यांना ताठ बसवलं, रेडिओ बंद केला. डगनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. ती बालवाडीतल्या आवाजात म्हणाली, "मिस्टर डग, आजपासून नवा नियम. मी बोलणार. तुम्हाला भांडायचं असेल तर आधी घास घ्यायचा, दोनदा गिळायचा, तोंड उघडून रिकामं दाखवायचं. मगच भांडायचं. ज्याने गिळलं नाही त्याला उत्तर नाही." आणि चमचा पुढे धरून म्हणाली, बिली एक नंबर.

डग हलले नाहीत. चमचा हवेत. मला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघवत नव्हतं. ती पुढे म्हणाली, टामा दुसरा, रेड तिसरा. रेडला तिसरा म्हटल्यावर त्यांच्या गळ्याची शीर उडाली. तोंड उघडलं. घास गेला. त्यांना बोलायचं होतं, कानशिलं तापली होती, पण बोट वर करून ती उभी. एकदा गिळलं. ती थांबली. दुसऱ्यांदा गिळलं. आ केला. रिकामं. आणि मग जे काही त्यांनी रेडच्या तर्फे सुनावलं, ते मला इथे लिहिता यायचं नाही. जोआनने बेलवरचा हात काढला.

अर्धा वाडगा संपल्यावर कॅरल पुढे झाली आणि म्हणाली, मला द्या. प्रमोदिनीने चमचा तिच्या हातात दिला, पण स्वतःचे डोळे डगच्या गळ्यावरून काढले नाहीत. कॅरलने चमचा भरला.

"एक नंबर," ती म्हणाली, "कॅरल."

डग तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, झालं, आता तोंड फिरवतात आणि उद्या नळी. त्यांनी घास घेतला. चावला, सावकाश. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी घाबरले की पुन्हा अडकला. प्रमोदिनीने बोट वर धरलं. एकदा गिळलं. किती वेळ लागला दुसऱ्याला, देवाला ठाऊक. गिळलं. आ करून दाखवलं, शहाण्या पोरासारखं.

"दोन," डग म्हणाले. मग श्वास घेऊन, "रेडचा डावा पाय तुझ्यापेक्षा चांगला होता."

कॅरलने दुसरा चमचा भरला. घाईघाईत अर्धा नॅपकिनवर सांडला. वाडगा मात्र संपला.

शुक्रवारी डॉक्टरांनी नळीचं रद्द केलं. पुढच्या आठवड्यात कॅरल त्यांना पामर्स्टन नॉर्थला स्वतःच्या घरी घेऊन गेली. जायच्या आधी रोज दोन्ही वेळेला प्रमोदिनी तिच्यामागे उभी राहून शिकवायची, कधी थांबायचं, गळ्यावर कुठे बघायचं. शिकवून शिकवून आपलाच माणूस तिने हातावेगळा केला. गाडी निघताना डगनी डावा हात वर केला आणि काचेतून काहीतरी म्हणाले. तिच्या गाण्याबद्दलच असणार, चेहऱ्यावरून कळत होतं.

ती आत आली, टेबलाशी बसली. डबा तसाच. मी पोळी-भाजीचा घास केला आणि तिच्या तोंडाशी धरला. म्हटलं, हा रेडचा. तिने घेतला. मला काय वाटलं कोण जाणे, मी लगेच म्हणाले, तुझं ते गाणं खरं तर भिकारच आहे हं.

तिने बोट वर करून मला थांबवलं. एकदा गिळलं. दुसऱ्यांदा गिळलं. आणि मग मास्तरांसाठी जे रडायचं राहिलं होतं, ते ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.